वर्गात एकच मोबाईल, तोही बाईंचा

खडूची_धूळ

नमस्कार. दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी सहावीला गणित शिकवते. पट ३८. हे लिहायचं बरेच दिवस मनात होतं, आज रविवार म्हणून निवांत बसले.

अपूर्णांकांची तुलना शिकवून झाली होती. दोन दिवस त्यावर घालवले, फळ्यावर चित्रं काढली, पट्ट्या रंगवल्या. "कळलं का?" विचारलं की सगळा वर्ग एका सुरात "हो बाई!" तिसऱ्या दिवशी एकच प्रश्न टाकला. १/३ मोठा की १/५? प्रत्येक मुलाच्या हातात एक चौकोनी कार्ड दिलं होतं. त्यावर काळ्या ठोकळ्यांची नक्षी असते, प्रत्येक कार्डाची वेगळी. चार बाजूंना बारीक अक्षरांत ए, बी, सी, डी. आपलं जे उत्तर, ती बाजू वर करून कार्ड छातीशी धरायचं. मी माझा मोबाईल वर्गावरून डावीकडून उजवीकडे फिरवला, अर्धा मिनिटसुद्धा लागला नाही. कोणत्या मुलाने काय उत्तर दिलं ते मोबाईलच्या पडद्यावर उमटलं. २१ मुलांनी १/५ मोठा सांगितला होता. पाच हा तीनपेक्षा मोठा, म्हणून १/५ मोठा.

दुसऱ्या बाकावर एक मुलगी बसते. तिची वही मी नेहमी इतरांना दाखवते. त्या २१ मध्ये तीही होती. त्या रात्री मला नीट झोप आली नाही. इतकी वर्षं "हो बाई" ऐकून मी किती धडे पुढे ढकलले असतील?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: या ॲपचं नाव प्लिकर्स. मुलांकडे फोन लागत नाही, फक्त शिक्षकाकडे लागतो. मोठ्या संचात ६३ कार्डं असतात, म्हणजे आपले भरलेले वर्गसुद्धा बसतात. कार्डं कागदावर छापायची. मी आधी लॅमिनेशन करून आणलं आणि पैसे वाया गेले, कारण खिडकीतलं ऊन त्यावर चमकतं आणि कॅमेऱ्याला नक्षी वाचता येत नाही. मग साध्या कागदावर छापून चादरीच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर चिकटवली. आपल्या गावात तो पुठ्ठा मागितला तर कोणीही देतं. नेट मात्र लागतं. आमच्या शाळेत खिडकीच्या कोपऱ्यात रेंज येते, तिथे दुसरा फोन ठेवून त्याचा हॉटस्पॉट घेते.

आता मूळ मुद्दा. माझ्या मोबाईलमधून रोज बरीच माहिती वर जाते. हजेरी, पोषण आहार, कार्यक्रमांचे फोटो, लिंक आली की लिंक. ती कामं करायची आहेत, त्यावर इथे वाद नको. पण त्यातलं काहीच माझ्या वर्गात परत येत नाही. चाचणी झाली, गुण भरले, तोवर आम्ही दोन धडे पुढे गेलेलो असतो. तेव्हा १/५ वाल्या पोराचं काय? मला अशा साधनांची चर्चा हवी आहे ज्यांचं उत्तर त्याच तासात, निदान दुसऱ्या दिवशी सकाळी, शिकवणाऱ्याच्या हातात येतं. तुम्ही काय वापरता? कुठे फसलं? मोकळेपणाने लिहा.

माळदांडी

मॅडम, फार मोलाचा धागा. मी बार्शीकडे आठवीला विज्ञान शिकवतो. आमच्याकडे प्रोजेक्टर आहे आणि तो चालू आहे, हे आधी सांगतो, कारण बऱ्याच शाळांत तो कपाटात असतो.

मी फेटची सिम्युलेशन्स वापरतो, म्हणजे पडद्यावर करून बघता येणारे प्रयोग. अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठात, बोल्डरला, नोबेल मिळवलेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. सगळं फुकट आहे, बऱ्याच गोष्टी मराठीत आहेत, आणि एकदा उतरवून घेतलं की नेटशिवाय चालतं. घरच्या वायफायवर पेनड्राइव्हमध्ये घेतो आणि शाळेत नेतो.

पण पहिल्या वर्षी मी एक चूक केली, ती तुमच्या प्रश्नाशी जोडलेली आहे. धाराविद्युत शिकवताना मी थेट सर्किट दाखवायला लागलो. मुलं खूश, आवाज, टाळ्या. चाचणीत मात्र जैसे थे. मग पद्धत बदलली. आता पडदा बंद ठेवूनच विचारतो: एका सेलला दोन सारखे बल्ब एकामागून एक जोडले, तर कोणता जास्त उजळेल? आधी वहीत लिहा, मग हात वर. वर्गातले निम्म्याहून जास्त सांगतात, सेलजवळचा, कारण दुसऱ्याकडे जाईपर्यंत वीज "संपते". त्यानंतर सिम्युलेशन चालू करतो, दोन्ही बल्ब सारखेच लागतात. वर्ग एकदम गप्प होतो. त्या शांततेत जे शिकवतो ते टिकतं. पुढच्या तासाला खरे बल्ब आणि खरी तार घेऊन तेच करतो, नाहीतर मुलांना वाटतं की हे फक्त पडद्यावरच होतं.

निवृत्त_गुरुजी

बाई, तुमच्या तळमळीला नमस्कार. ३४ वर्षं नोकरी केली. तुम्ही जे कार्डाने करता ते आम्ही पाटीने करत होतो. प्रश्न सांगायचा, प्रत्येकाने पाटीवर उत्तर लिहायचं, "पाट्या वर!" म्हटलं की सगळ्या एकदम वर. मास्तरला एका नजरेत कळतं. रेंज नको, चार्जिंग नको.

दुसरं, जरा दुःखाने लिहितो. शिक्षण हक्क कायद्यानंतर २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. आकारिक म्हणजे शिकता शिकता होणारं, संकलित म्हणजे सत्राच्या शेवटचं, आणि वर्णनात्मक नोंदी. कल्पना सोन्यासारखी होती. मूल कसं शिकतं ते रोज बघा आणि लिहा, असं ती सांगत होती. पण नोकरीच्या शेवटच्या वर्षांत काय पाहिलं? तयार वर्णनात्मक नोंदींची पीडीएफ ग्रुपवर फिरायची. "वर्गात उत्साहाने सहभागी होतो", "स्वच्छतेची आवड आहे". तेच वाक्य २०० पोरांच्या नावापुढे. तंत्रज्ञान तिथेही होतंच की. मूल न बघता त्याच्याविषयी लिहिणं त्याने सोपं केलं. म्हणून विचारतो, तुमची कार्डं उद्या याच वाटेने जाणार नाहीत हे कशावरून?

खडूची_धूळ

गुरुजी, पाटीबद्दल शंभर टक्के मान्य. रेंज नसते त्या दिवशी मी तेच करते. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा असला तरी वर्गात काढायचा नाही, त्यांनी पाटीच वापरावी, काहीही कमी पडत नाही.

कार्डाने दोन गोष्टी जास्त मिळाल्या, त्या सांगते. पाटी वर केली की शेजारच्याला दिसते. माझ्या वर्गातली चार-पाच मुलं हुशार पोराची पाटी बघून मग स्वतःची वर करायची. कार्डावरची अक्षरं बारीक आणि नक्षी प्रत्येकाची वेगळी, त्यामुळे बघून फिरवायला काही उरत नाही. शिवाय जी पोरं कधीच हात वर करत नाहीत ती कार्ड मात्र धरतात, कारण चुकलं तरी ते फक्त मला कळतं. दुसरी गोष्ट स्मरणाची. पाट्या पुसल्या की संपलं. इथे दिवाळीनंतर उघडून बघता येतं की १२ नंबरचं पोर अपूर्णांकाच्या प्रत्येक प्रश्नाला छेद बघूनच उत्तर देत होतं.

पीडीएफच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही गुरुजी. मी एवढंच ठरवलंय की कार्डांचे आकडे कुठेही भरायचे नाहीत, कोणाला पाठवायचे नाहीत. ते माझे आणि मुलांचे. त्यावरून गुण द्यायचे नाहीत. एकदा गुण लागले की मुलं चूक लपवायला लागतात, आणि मला तर चूकच बघायची आहे.

पुण्यातला_सोलापूरकर

ताई, मी मूळचा साखर पेठेतला, आता हिंजवडीत नोकरीला. धागा वाचून भरून आलं. आमच्या ऑफिसच्या मित्रांनी मिळून २० टॅब द्यायचं ठरवलंय. तुमच्या शाळेला दिले तर चालतील का? प्रत्येक मुलाच्या हातात टॅब आला तर कार्डांचा खटाटोपच नको.

खडूची_धूळ

दादा, तुमचे आणि तुमच्या मित्रांचे मनापासून आभार. तरी मी नको म्हणतेय, गैरसमज करून घेऊ नका.

एक, पेरू देशाने खेड्यातल्या शाळांना लॅपटॉप वाटले तेव्हा ३१९ शाळांचा नीट अभ्यास झाला. लॅपटॉपचं प्रमाण मुलामागे ०.१२ वरून १.१८ वर गेलं, म्हणजे जवळजवळ प्रत्येकाला एक. गणिताच्या आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. यंत्र आलं, शिकवणं तेच राहिलं. दोन, आपल्याकडचा २०२४ चा असर अहवाल बघा, ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी असते ती. ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक जणांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांतल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. पडदा हातात आला की मूल आपोआप अभ्यासाकडे वळतं असं नाही. तीन, मी आधी ज्या शाळेत होते तिथे लोकवर्गणीतून अशाच यंत्रांचा मोठा संच आला होता. पहिल्या वर्षी बॅटरी गेली. ती बदलायला कोणत्या खात्यातून पैसे काढायचे हे ठरेपर्यंत दुसऱ्या वर्षी पावसाचं पाणी गेलं.

तुम्हाला खरंच मदत करायची असेल तर एक साधा लेझर प्रिंटर, वर्षभराचा टोनर, वीज गेल्यावर दोन तास चालेल असा इन्व्हर्टर आणि एक चांगला स्पीकर द्या. एप्रिलमध्ये पारा ४२ च्या वर जातो, दुपारी वीज गेली की पत्र्याखाली मुलांना बसवतही नाही. आणि तुम्हीच वर्षातून दोनदा येऊन ते चालू आहे का बघा. नुसतं देऊन जाणारे पुष्कळ भेटतात.

पुण्यातला_सोलापूरकर

पटलं ताई. प्रिंटर आणि इन्व्हर्टर नक्की. गड्ड्याच्या जत्रेला घरी येतोच, तेव्हा शाळेत येऊन वायरिंग बघून जातो. व्यनि (खासगी निरोप) करतोय.

पूर्वभागातली_आई

मी शिक्षिका नाही, पण लिहिते. आम्ही पूर्व भागात राहतो. घरी तेलुगू बोलतो, मुलगा मराठी माध्यमात पाचवीला. मी विड्या वळते, मालक यंत्रमागावर रात्रपाळी करतात.

घरात स्मार्टफोन एकच, तो ह्यांच्याकडे. अभ्यास संध्याकाळी साडेसातला ग्रुपवर येतो. ह्यांची पाळी तेव्हाच सुरू होते. सकाळी ते येऊन झोपतात, तेव्हा मी फोन घेऊन बघते, मुलगा शाळेला निघालेला असतो. एकदा वर्गात विचारलं, "ग्रुपवर टाकलं होतं, का केलं नाही?" पोरगं गप्प बसलं. घरी येऊन माझ्यापाशी रडलं. फोन नाही म्हणून सांगायची त्याला लाज वाटली.

तुम्ही फोन स्वतःजवळ ठेवून शिकवता हे वाचून बरं वाटलं. बाकीच्या सर-मॅडमना माझी एवढीच विनंती आहे, अभ्यास फळ्यावर लिहून द्या. ग्रुपवर टाकायचं तर टाका, पण फळ्यावर आधी.

माळदांडी

ताई, तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत. मीही ग्रुपवरच गृहपाठ टाकतो. उद्यापासून फळ्यावर.

सीमेवरची_शाळा

मी अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीजवळ. हितं निम्म्या पोरांच्या घरी कन्नड. पूर्वभागातल्या ताईंनी भाषेचा उल्लेख केला म्हणून लिहायला हात शिवशिवले.

आपल्याच जिल्ह्यात माढा तालुक्यात परितेवाडी आहे. तिथले रणजितसिंह डिसले सर ३ डिसेंबर २०२० ला जागतिक शिक्षक पुरस्काराचे मानकरी झाले. १० लाख डॉलर, आणि निम्मी रक्कम त्यांनी उरलेल्या नऊ अंतिम स्पर्धकांत वाटून टाकली. लोकांना क्यूआर कोड आठवतो. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते वेगळं. मुलींना पुस्तकाची भाषा परकी होती, घरची भाषा कन्नड. सरांनी पुस्तकात जे कोड टाकले त्यामागे कन्नडमधल्या कविता, गोष्टी, धडे होते. पोरीला काय अडतंय ते आधी ओळखलं, कोड त्यानंतर आला. आता बालभारतीच्या पुस्तकांतही कोड आहेत, ते दीक्षा या सरकारी शिक्षण ॲपवर नेतात. दीक्षा २०१७ च्या शिक्षकदिनी सुरू झालं. त्यातलं साहित्य आधी उतरवून ठेवता येतं, मी शनिवारीच पुढच्या आठवड्याचं घेऊन ठेवतो.

पण माझ्या पोरांना जे पाहिजे ते तयार मिळत नाही. म्हणून मी शब्दार्थ कन्नडमध्ये बोलून स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करतो. माझं कन्नड घरचं, शाळेतलं नाही, पोरांना तेच कळतं. गणितात लै फायदा झाला. "पैकी" हा शब्द पोरांना कळतच नव्हता. "१० पैकी ३ आंबे" म्हटलं की १३ करायची. आम्ही समजत होतो, पोरांना बेरीज-वजाबाकी येत नाही. गणित येत होतं, शब्द अडत होता. मॅडम, तुम्ही तुमच्या २१ पोरांत हे पण तपासा. "मोठा" म्हणजे त्यांना नेमकं काय वाटलं?

खडूची_धूळ

सर, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. उद्याच बघते. तोच प्रश्न आता शब्दांत न मांडता दोन चित्रांनी टाकेन आणि काय निघालं ते इथे लिहीन.

दुसरीच्या_बाई

मी महापालिकेच्या शाळेत दुसरीला. मला कुठलंही ॲप नको, फोनमधला साधा रेकॉर्डर पुरतो.

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाकडून एक न पाहिलेला उतारा एक मिनिट वाचून घेते आणि रेकॉर्ड करते. रोज पाच मुलं, मधल्या सुट्टीच्या आधी. निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या सरकारी मोहिमेत दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द, समजून, असं लक्ष्य आहे. मी शब्द मोजते, पण त्याहून जास्त ऐकते. घरी भांडी घासताना कानात लावते. वर्गात जे निसटतं ते तिथे ऐकू येतं. एक मुलगा प्रत्येक जोडाक्षराशी थांबतो. दुसरी मुलगी भराभर वाचते, पण पूर्णविराम गिळते, म्हणजे अर्थ लागत नाहीये. तिला मिनिटाला ६० शब्द येतात म्हणून तिच्या नावापुढे बरोबरची खूण पडली असती.

पालकसभेला मी गुणपत्रक देण्याआधी जुलैचं आणि डिसेंबरचं वाचन पाठोपाठ ऐकवते. एका आजोबांनी, ज्यांना स्वतःला वाचता येत नाही, तीन वेळा लावायला सांगितलं. शेवटी म्हणाले, "आता अडखळत न्हाई की." त्यांना टक्के सांगून हे कळलं नसतं. वर्ष संपलं की रेकॉर्डिंग पालकांसमोर पुसून टाकते.

निवृत्त_गुरुजी

दुसरीच्या बाई, ही खरी वर्णनात्मक नोंद. माझ्या सुनेला हा प्रतिसाद दाखवला, तीही शिक्षिका आहे.

नवा_सेवक

या वर्षीच रुजू झालो. दोन प्रश्न आहेत. एआयकडून बहुपर्यायी प्रश्न काढून घेतले तर चालतात का? आणि मुलांची नावं या ॲपमध्ये टाकणं बरोबर आहे का?

खडूची_धूळ

सर, स्वागत. दुसरं आधी. नावं टाकू नका. मी फक्त कार्डाचा नंबर ठेवते, तोच हजेरी क्रमांक. कोणत्या नंबराचं मूल कोण, ते माझ्या वहीत. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितलेली आहे, आणि कायदा नसता तरी लेकरांची नावं परक्या देशातल्या सर्व्हरवर कशाला? फोटो तर अजिबात नको.

एआयचं: मी करून बघितलं. प्रश्न येतात, मराठीही बरी असते, पण चुकीचे पर्याय निर्जीव असतात. उदाहरण देते. ०.३५ आणि ०.५ यात मोठी संख्या कोणती? इथे ०.३५ हा पर्याय जिवंत आहे, कारण मुलं ३५ आणि ५ ची तुलना करतात. ज्याने तो निवडला त्याच्या मनात काय चाललंय ते मला लगेच कळतं. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एक खरी चूक हवी. ती यंत्राला ठाऊक असेलही, पण माझ्या वर्गातली चूक माझ्या तपासलेल्या वह्यांत असते. मी गेल्या वर्षीच्या उत्तरपत्रिका काढून त्यातल्या चुका एका वहीत उतरवल्या, ४० पानं भरली. आता पर्याय तिथून घेते. एआयला ती चूक सांगून "अशा चुकीवर आणखी पाच प्रश्न दे" म्हटलं तर मात्र काम हलकं होतं. तरी प्रत्येक प्रश्न स्वतः सोडवून बघा. एकदा माझ्याकडे चारही पर्याय चुकीचे आले होते.

आणि शिष्यवृत्तीच्या सरावाला, जिथे खरंच गोल रंगवायचे असतात, तिथे झिपग्रेडसारखं फोनने उत्तरपत्रिका तपासणारं ॲप चांगलं. नेट नसतानाही तपासतं. तपासण्यात जाणारी संध्याकाळ वाचते.

खडूची_धूळ

तीन आठवडे झाले, कबूल केल्याप्रमाणे लिहितेय.

सीमेवरच्या सरांचं बरोबर निघालं. चित्रांवर तोच प्रश्न टाकला तेव्हा १/५ वाले २१ वरून १३ वर आले. म्हणजे आठ जणांना भाग कळत होता, लिहिलेला अपूर्णांक वाचताना ते अडत होते. त्या आठ जणांना "तीन भागांतला एक" असं मोठ्याने म्हणायला लावून मग लिहायला दिलं, दोन दिवसांत जमलं. उरलेल्या १३ जणांसाठी डब्यातल्या भाकरी काढल्या. एक भाकरी तिघांत, एक पाच जणांत. वाटायच्या आधीच विचारलं, कोणत्या गटात बसाल? सगळी तिघांच्या गटाकडे पळाली. मग फळ्यावर १/३ आणि १/५ लिहून विचारलं, तुम्ही आत्ता कोणाकडे पळालात?

काल पुन्हा कार्डं घेतली. या वेळी १/४ आणि १/७, म्हणजे पाठ केलेलं उत्तर चालणार नाही. ३८ पैकी ३४ बरोबर. दुसऱ्या बाकावरची मुलगीही. तिला तिचं आधीचं उत्तर दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "बाई, तेव्हा वहीत मी फळ्यावरचं बघून लिहिलेलं."

चौघं राहिलेत. ७, १२, २३ आणि ३१. उद्या परिपाठानंतर त्यांना घेऊन व्हरांड्यात बसणार आहे. घरून दोन भाकरी जास्त नेते.